तीन वेगांचा हब : जुन्या व नव्या भागांची अदलाबदल

सायकल हें गरिबाचें वाहन होय, असें आपण नेहमीं म्हणतों; परंतु या वाहनाचा खरा गुण केवळ स्वस्ताई हा नसून तें पुन्हां पुन्हां दुरुस्त होऊं शकतें हा आहे. दिघोरीसारख्या गांवीं, जेथें धानाच्या बांध्यांमधून व तलावांच्या पाळींवरून वाट तुडवीत विद्यार्थी शाळेस येतात, तेथें सायकल आठवडाभर बंद पडली म्हणजे आठवड्याचा अभ्यास बुडण्याची वेळ येते. साधी सायकल असेल तर चौकांतील दुकानदार तिला तासाभरांत उभी करतो. कारण तिचे छर्रे, कोन, चेन, फ्रीव्हील हे सर्व भाग ठराविक मापाचे असून कोठेंहि मिळतात. परंतु जिच्या मागल्या चाकाच्या हबांत तीन वेगांचें यंत्र आहे, अशी जुनी विलायती सायकल बिघडली कीं दुकानदार मान हालवितो, आणि ती सायकल कोठीच्या भिंतीस टेकून गंजत राहते किंवा भंगाराच्या तराजूंत जाऊन पडते. तिचें आयुष्य खरोखरच संपलें असतें काय? एका हबांतील भाग दुसऱ्या हबांत घालून ती रस्त्यावर आणतां येईल काय? येत असल्यास कोणते भाग बदलावे व कोणते बदलूं नयेत? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या हबाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरीं रॅले सायकलींचा कारखाना चालविणारे फ्रँक बाउडेन यांनीं १९०२ सालीं तीन वेगांच्या हबाचें काम हातीं घेतलें. हेन्री स्टर्मी व जेम्स आर्चर या दोन गृहस्थांच्या नांवांवरून त्या हबास स्टर्मी-आर्चर हें नांव मिळालें. पुढें या हबाच्या अनेक जाती निघाल्या. पण १९३६ सालीं निघालेली ए-डब्ल्यू ही जात सर्वांत टिकाऊ व सर्वांत लोकप्रिय ठरली. कित्येक दशकेंपर्यंत ती मूळ रचना फारशी न बदलतां बनत राहिली. इ. स. २००० मध्यें नॉटिंगहॅमचा हा जुना कारखाना बंद झाला, आणि सनरेस नांवाच्या तैवानांतील कंपनीनें स्टर्मी-आर्चरचें नांव व यंत्रें विकत घेऊन तेथें नवे हब बनविण्यास आरंभ केला. अशा रीतीनें आज जगांत एकाच कुळांतील जुने व नवे असे दोन्ही हब आढळतात, आणि म्हणूनच त्यांच्या भागांची अदलाबदल हा प्रश्न उत्पन्न होतो.

सायकलीच्या दुरुस्तीस कोणी हलकें काम समजूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत काढलेलें दुकान सायकलींचेंच होतें. सायकल विकणें, ती चालविण्यास शिकविणें आणि मोडली तर नीट करून देणें, या उद्योगांत यंत्राशीं जी ओळख झाली, तिच्याच जोरावर पुढें लोखंडी नांगर निघाले व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. सायकलीचें पोट उघडून पाहणारा विद्यार्थी यंत्रशास्त्राच्या शाळेंत बसलेलाच असतो, असें म्हणण्यास यामुळें हरकत नाहीं.

आतां हबाच्या आंत डोकावूं. कवच उघडून पाहिलें तर आंत सूर्यमालेची एक लहानशी प्रतिकृति दिसते. मध्यभागीं न फिरणारा पोलादी आस असतो. त्या आसावरच २० दांत्यांचें एक चक्र पक्कें बसलेलें असतें. हें सूर्यचक्र होय. त्याच्याभोंवतीं प्रत्येकीं २० दांत्यांचीं चार ग्रहचक्रें असतात. तीं एका पिंजऱ्यांत खिळ्यांवर बसविलेलीं असून सूर्यचक्राभोंवतीं प्रदक्षिणा घालतात. या सर्वांस बाहेरून वेढणारें, आंतल्या अंगास ६० दांते असलेलें, वलयचक्र असतें. उजव्या बाजूस चेनची चकती ज्यावर बसते तो ड्रायव्हर असतो. आणि ड्रायव्हरची शक्ति कधीं पिंजऱ्यास तर कधीं वलयचक्रास पोंचविणारी, चार हातांची एक सरकती चौफुली आसावर असते. इंग्रजींत तिला क्लच म्हणतात. आसाच्या पोकळींतून निघालेली बारीक सांखळी या चौफुलीस उजवीकडे ओढते, व सांखळी सैल सोडली कीं स्प्रिंग तिला डावीकडे ढकलते.

वेग तीन कसे होतात हें समजण्यास थोडें गणित पुरें आहे. अशी कल्पना करा कीं, सूर्यचक्र, पिंजरा व वलयचक्र हीं तिन्ही एकमेकांस बांधून एक पूर्ण फेरा फिरविलीं. म्हणजे तिघांचाहि एक एक फेरा झाला. परंतु सूर्यचक्र तर आसास जखडलेलें आहे. त्याचा फेरा शून्य असला पाहिजे. म्हणून आतां पिंजरा स्थिर धरून सूर्यचक्र एक फेरा उलट फिरवूं. त्याचे २० दांते ग्रहचक्रांच्या द्वारें वलयचक्राचे २० दांते पुढें ढकलतील. वलयचक्रास एकंदर ६० दांते आहेत. म्हणजे तें एकतृतीयांश फेरा पुढें जाईल. दोन्ही क्रियांची बेरीज केली तर सूर्यचक्र शून्य, पिंजरा एक आणि वलयचक्र एक पूर्णांक एकतृतीयांश फेरा, असा हिशेब निघतो. तात्पर्य, पिंजरा ३ फेरे फिरला तर वलयचक्र ४ फेरे फिरतें. पिंजऱ्यास शक्ति देऊन वलयचक्राकडून घेतली तर वेग वाढतो. वलयचक्रास देऊन पिंजऱ्याकडून घेतली तर वेग कमी होतो व जोर वाढतो. आणि वलयचक्रासच देऊन त्याच्याकडूनच घेतली तर वेग जसाचा तसा राहतो. हेच तीन वेग होत.

समजा, पुढच्या चकतीस ४८ व मागच्या चकतीस १८ दांते आहेत, आणि चाकाचा व्यास २८ इंच म्हणजे परीघ सुमारें ८८ इंच आहे. मधल्या वेगांत पॅडलच्या एका फेऱ्यास चाकाचे २ पूर्णांक २/३ फेरे होतात व सायकल सुमारें साडेएकोणीस फूट जाते. खालच्या वेगांत बरोबर २ फेरे होतात, म्हणजे १४ फूट ८ इंच. वरच्या वेगांत ३ पूर्णांक ५/९ फेरे, म्हणजे सुमारें २६ फूट. मागें धानाचें पोतें बांधून तलावाच्या पाळीवर चढतांना खालचा वेग, आणि कापणीनंतरच्या कोरड्या सपाट रस्त्यानें, वारा पाठीशीं असतां, वरचा वेग किती उपयोगी पडत असेल याची कल्पना या आंकड्यांवरून येईल. शिवाय हें सर्व यंत्र कवचाच्या आंत झांकलेलें असल्यामुळें रोवणीच्या दिवसांतला चिखल त्यास सहसा लागत नाहीं. चेनला एका चकतीवरून दुसरीवर उडविणाऱ्या हल्लींच्या गिअरच्या सायकलींस हें सुख नाहीं.

शक्ति कवचापर्यंत नेण्याचें काम खटके करतात. दोन खटके वलयचक्रावर असून ते उजव्या बाजूच्या कड्याच्या आंतील खांचांत अडकतात. दुसरे दोन पिंजऱ्यावर असून ते डाव्या बाजूच्या खांचांत अडकतात. मधल्या व वरच्या वेगांत उजवे खटके काम करतात, आणि डावे नुसते टिक् टिक् असा आवाज करीत घसरत राहतात. खालच्या वेगांत चौफुली उजवे खटके दाबून बाजूस करते, व मग डावे काम करूं लागतात; म्हणून पॅडल मारीत असतां खालच्या वेगांत हब मुका असतो. ज्यास हा आवाज ओळखतां आला त्यास हब न उघडतां अर्धा रोग कळला असें समजावें.

एवढी ओळख झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळूं. जुन्या सायकलीचा सबंध हब काढून नवा घालावा, हा उपाय प्रथम सुचतो. परंतु त्यांत एक मोठी अडचण आहे. जुन्या विलायती सायकलींच्या मागल्या चाकास बहुधा ४० तारा असत व पुढल्यास ३२. पुढें ३६ तारांचा प्रघात पडला. ४० छिद्रांच्या रिमला ३६ छिद्रांचा हब बसत नाहीं. म्हणजे हबाबरोबर रिम व ताराहि नव्या घ्याव्या लागतात, आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. उलट, कवच, तारा व रिम जशींच्या तशीं ठेवून पोटांतील यंत्र तेवढें बदललें, तर चाक पुन्हां विणावें लागत नाहीं. कवच सहसा झिजत नाहीं. झिजतें तें यंत्र. म्हणून जुन्या कवचांत दुसऱ्या हबाचें यंत्र घालणें हा गरिबास परवडणारा मार्ग होय.

ए-डब्ल्यू जातीची रचना दीर्घ काळ स्थिर राहिल्यामुळें या कामीं मोठी सोय झाली आहे. १९५० च्या सुमाराच्या कवचांत वीस-तीस वर्षांनंतरच्या त्याच जातीच्या हबाचें यंत्र सामान्यतः जसेंच्या तसें बसतें. कवचावर वर्ष व महिना यांचे आंकडे ठोकलेले असतात. पण ते कवचाचें वय सांगतात, पोटाचें नव्हे. मागें कोणी यंत्र बदललें असेल तर आंकडा ५४ व यंत्र १९७० नंतरचें असेंहि घडतें. म्हणून भाग आणण्यापूर्वीं हब उघडून प्रत्यक्ष पाहावें. नांवें सारखीं दिसलीं म्हणून फसूं नये. त्याच कारखान्यानें १९५० नंतरच्या दशकांत एस-डब्ल्यू नांवाचा वेगळ्या रचनेचा हब काढला होता, त्याचें यंत्र ए-डब्ल्यूच्या यंत्राशीं मिसळतां येत नाहीं.

यंत्र बाहेर काढण्याची रीत अशी. प्रथम सांखळी सोडवून चाक खालीं घ्यावें. डाव्या बाजूचा नट व कोन काढावा. नंतर उजव्या बाजूचें खांचा असलेलें कडें, त्या खांचेंत बोथट छिन्नी लावून हातोडीनें हलके हलके ठोकून, सुटण्याच्या दिशेनें फिरवावें. या कड्याचा आटा दुहेरी असतो. म्हणजे तें दोन जागांपैकीं कोणत्याहि जागीं धरूं शकतें. म्हणून काढण्यापूर्वीं कड्यावर व कवचावर समोरासमोर खूण करून ठेवावी, व तें परत बसवितांना खुणेस खूण जुळवावी; नाहींतर चाक डुलूं लागतें. कडें सुटलें कीं आस, पिंजरा, वलयचक्र, चौफुली व ड्रायव्हर हें सर्व बिऱ्हाड एकदम बाहेर येतें. दुसऱ्या हबाचें बिऱ्हाड असेंच अखंड उचलून या घरांत ठेवणें, ही अदलाबदलीची पहिली व सर्वांत सुरक्षित पायरी होय.

दुसरी पायरी अवघड आहे. सबंध यंत्र न मिळतां एखादाच भाग मिळतो, तेव्हां काय करावें? येथें आमचा नियम असा : जे भाग एकमेकांशीं घांसून संसार करतात ते जोडीनेंच बदलावे. चौफुली ग्रहचक्रांच्या खिळ्यांच्या टोंकांस पकडते. वर्षानुवर्षें चालून दोहोंच्या कडा एकमेकांच्या सोईनें गोल झालेल्या असतात. अशा गोल टोंकांवर नवी, तीक्ष्ण कडांची चौफुली बसविली तर ती संपूर्ण अंगानें न टेकतां एका कोंपऱ्यावर टेकते, सगळा भार त्या कोंपऱ्यावर येतो, व तो तुकडा उडतो किंवा पकड सुटते. म्हणून चौफुली नवी तर खिळेहि नवे. तीच गोष्ट कोन, छर्रे व वाटी यांची, आणि तीच खटका व त्याच्या खांचेची. सूर्यचक्र तर आसापासून सुटतच नाहीं; म्हणून त्याचे दांते मोडले तर सबंध आस बदलणें प्राप्त आहे. उलट, स्प्रिंगा व छर्रे हे भाग जुन्या हबांतून काढून वापरण्यांत अर्थ नाहीं. ते स्वस्त असतात, आणि त्यांच्या थकव्यामुळेंच पुष्कळदां चांगलें यंत्र बदनाम होतें.

कांहीं भाग दिसण्यांत भिन्न असूनहि अदलाबदलीस योग्य असतात. जुन्या ड्रायव्हरवर मागची चकती आट्यानें फिरवून बसवीत. १९५० नंतर तीन खांचांत बसणारी व वरून तारेच्या कडीनें अडकविलेली चकती आली. जुना ड्रायव्हर काढून त्याच जातीचा तीन खांचांचा घातला, तर निरनिराळ्या दांत्यांच्या चकत्या सहज बदलतां येतात. मात्र त्याबरोबरचे छर्रे, धूळझांकण व कोन हे नव्या ड्रायव्हरशीं जुळतात कीं नाहींत तें पाहावें. उलट, कांहीं भाग दिसण्यांत सारखे असून घातक ठरतात. आस पावणेसहा इंची व सव्वासहा इंची अशा निरनिराळ्या लांबींचे असतात; लांब आसास आंखूड आसाची सांखळी लावली तर वेग कधींच बरोबर जुळत नाहींत. आस बदलला तर त्याच्या लांबीची सांखळी घ्यावी, हें विसरूं नये.

आतां अगदीं नव्या, तैवानांत बनणाऱ्या हबांविषयीं. जुन्या ए-डब्ल्यूंत मधला वेग व वरचा वेग यांच्या दरम्यान एक मोकळी जागा असे. चौफुली त्या जागीं थांबली तर ती कोणासच पकडीत नाहीं व पॅडल एकाएकीं रिकामें फिरतें. नव्या रचनेंत ही मोकळी जागा काढून टाकलेली आहे. त्यासाठीं शक्तीची देवघेव करणाऱ्या आंतील भागांचे आकारच बदललेले आहेत. म्हणून नव्या हबांतील चौफुली जुन्या वलयचक्राशीं, अगर जुना पिंजरा नव्या ड्रायव्हरशीं, जोडूं नये. शुभवर्तमानांत जुन्या वस्त्रास लावलेल्या नव्या ठिगळाचा जो दृष्टांत आहे तो येथें अक्षरशः लागू पडतो. नव्याचा उपयोग करावयाचाच तर सबंध यंत्र त्याच्याच उजव्या कड्यासह घ्यावें, आणि तें जुन्या कवचांत केवळ बोटांनीं फिरवून पाहावें. आटा सहज धरला, डावे खटके आपल्या खांचांत बोलूं लागले आणि आस कोठें अडला नाहीं, तरच पुढें जावें. हातोडीच्या जोरानें बसविलेला भाग हा न बसलेलाच भाग समजावा.

यंत्र बसविल्यावर उजवा कोन बोटांनीं घट्ट होईपर्यंत फिरवून मग अर्धा फेरा मागें घ्यावा व तेथें पक्का करावा. उरलेली जुळवाजुळव डाव्या कोनानें करावी. रिमजवळ चाक किंचित् हाललेलें जाणवावें, पण आस हातानें खडखडूं नये. नंतर वेग मधल्या खुणेवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकींतून पाहावें : सांखळीच्या दांडीचें टोंक आसाच्या टोंकाशीं बरोबर सपाटींत आलें पाहिजे. तेलहि विचारानें घालावें. जुन्या हबास तेलाचें छिद्र असतें. त्यांतून पातळ यंत्राचें तेल मधून मधून थोडें थोडें सोडावें. विदर्भांत घरोघर जवसाचें तेल सांपडतें, पण तें हबांत कदापि घालूं नये. तें हवेनें सुकून राळेसारखें चिकट होतें व खटके जागच्या जागीं धरून ठेवतें. खटके चिकटले तर पायाखालचा आधारच जातो.

शेवटीं परीक्षा. चाक अधांतरीं धरून पॅडल एक फेरा फिरवावें व व्हॉल्व्हच्या खुणेवरून चाकाचे फेरे मोजावे. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणें तीन वेगांत तीन निरनिराळे आंकडे आले पाहिजेत. मग मागला ब्रेक आवळून प्रत्येक वेगांत पॅडलवर जोर द्यावा. कोठेंहि कट् असा आवाज होऊन पॅडल निसटतां कामा नये. ही परीक्षा उतरल्यावर प्रथम मोकळ्या मैदानांत, बैठकीवर बसूनच, सायकल चालवावी. पॅडलवर उभें राहून चढ चढत असतां वरच्या वेगांतील पकड सुटली तर सर्व देहाचा भार एकदम खालीं येतो, व स्वार दांड्यावर किंवा रस्त्यावर आपटतो. मागून ट्रॅक्टर अगर मोटार येत असेल तर त्याचा परिणाम काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं. चार पैसे वांचविण्यासाठीं विजोड भाग घालणें ही काटकसर नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवाशीं खेळ आहे, आणि ती सायकल बहुधा धाकट्या भावंडाच्याच वाट्यास येते हें ध्यानांत ठेवावें.

आज महाराष्ट्रांत मानव विकास कार्यक्रमांतून गरजू विद्यार्थिनींस शाळेंत येण्यासाठीं सायकली मिळतात, आणि त्यांच्या बळावर कित्येक मुलींचें शिक्षण पुढें चालतें. त्या सायकली साध्या, एका वेगाच्या असतात. परंतु त्यांच्या फ्रीव्हीलमध्येंहि तेच खटके व तशाच खांचा आहेत, त्यांच्या हबांतहि तेच कोन व तेच छर्रे आहेत. म्हणून तीन वेगांच्या हबावरून निघालेले नियम त्यांसहि लागू पडतात : उघडण्यापूर्वीं खूण करावी, जोडीचे भाग जोडीनें बदलावे, जोर न करतां बसेल तेंच बसवावें, आणि दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं स्वतः परीक्षा घ्यावी. पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं सायकलींचें संग्रहालय उभारलें आहे. तेथें जुन्या सायकली जपून ठेवलेल्या पाहावयास मिळतात. तें काम स्तुत्य आहे. तथापि जी सायकल अजून चालूं शकते तिचें उत्तम संग्रहालय म्हणजे शाळेचा रस्ता होय, असें आम्हांस वाटतें. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं व भगिनींपैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी जुनी तीन वेगांची सायकल कोपऱ्यांत उभी असेल, त्यांनीं ती भंगारांत घालण्यापूर्वीं एकदां तिचा हब उघडून पाहावा. पुष्कळदां तिला नव्या देहाची नव्हे, तर दोन स्प्रिंगांची व थोड्या पातळ तेलाची गरज असते.